एक जादा फेरी

बाई गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांचे मिस्टर स्वयंपाकघरातला गळका नळ खोलून बसले होते. फोन जावयाचा होता. बाई लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेल्या होत्या, नात अजून मान धरायची होती, आणि सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता बाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग नळ जोडला, पाण्याची मुख्य चावी उघडली, गळत नाही ना हे पाहिलं, आणि बसस्टँडवर गेले. अशा वेळी माणूस काय करेल याचा काही नेम नसतो.

कळवायचं काम लेकीने केलं. नातेवाईक, शेजारी, बाई ज्या पोस्टात नोकरीला होत्या तिथली माणसं, दूधवाला, सगळ्यांना कळलं. राहिली ती फक्त बाग.

बाग म्हणजे घरापासून दोन गल्ल्या पलीकडचं सार्वजनिक उद्यान. मधे एक तळं, तळ्याभोवती चालायची वाट, आणि वाटेच्या कडेला बाकं. बाई तिथे रोज संध्याकाळी जात. मिस्टर कधीच जात नसत. त्यांचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात, म्हणजे इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या उभ्या खड्ड्यांत गेलं होतं. मोकळी हवा त्यांना जरा जास्तच मोकळी वाटायची. "झाडं काही पळून जात नाहीत, सवडीने बघू," असं ते म्हणायचे आणि बाई चपला घालून निघून जायच्या.

सगळं आटोपून लेक त्यांना घरी सोडायला आली आणि दोन दिवस राहिली. ती निघायच्या दिवशी बाईंचा फोन टेबलावर वाजायला लागला. पडद्यावर नाव आलं, 'बाग वकील'. तो थांबला तर 'बाग मावशी'. मग 'बाग बेकरी'.

"उचला ना," लेक म्हणाली.

"आणि काय सांगू?"

लेकीने जरा विचार केला. "फोनवर नकोच, बाबा. आई म्हणायची, त्या मावशींचं हृदय नाजूक आहे. तुम्ही बागेत जा, समोर बसा आणि हळूच सांगा. नाहीतरी डॉक्टरांनी तुम्हाला रोज बाहेर पडायला सांगितलंच आहे."

डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण. मिस्टर रात्र रात्र छताकडे बघत पडतात आणि जेवणाच्या वेळी भूक नाही म्हणतात, हे लेकीने तिच्या कानावर घातलं होतं. तिने गोळ्या लिहायला पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "काका, आधी महिनाभर रोज संध्याकाळी बागेत जाऊन बसा. झाडं बघा, चार माणसांशी बोला. गोळ्यांचं नंतर बघू." मिस्टरांना वाटलं, हिला औषध सुचत नाही म्हणून ही आपल्याला बाहेर काढते आहे.

लेक तान्ह्या मुलीकडे परत गेली, आणि दुसऱ्या दिवशी मिस्टर बागेत निघाले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं: तिची तब्येत अचानक बिघडली आणि ती आपल्याला सोडून गेली. वाक्य काही खास नव्हतं, पण पुरेसं होतं.

तळ्याकाठच्या बाकावर तिघं बसले होते. निवृत्त वकील ताठ बसले होते, बेकरीवाले खांदा चोळत होते, आणि मधे मावशी विणत होत्या.

"मी बाईंचा नवरा," मिस्टर म्हणाले.

"अरे, मिस्टर," वकील सरकून बसले. "बसा. तुम्ही खरंच आहात तर. आम्हाला वाटायचं, बाई नुसतं सांगतात."

"एक सांगायचं होतं. तिची तब्येत..."

"थांबा," वकिलांनी हात वर केला. "आजाराचा विषय. एक फेरी."

"काय?"

"एक जादा फेरी. तळ्याभोवती. नियम आहे."

"त्यांना माहीत नसेल हो," बेकरीवाले म्हणाले.

"कायदा माहीत नसणं हा बचाव होत नाही."

मग मावशींनी समजावून सांगितलं. पूर्वी ही मंडळी बागेत जमायची ती आजारपणं मोजायला. कुणाची साखर, कुणाचा दाब, कुणाच्या भाच्याचे मुतखडे. मग गेल्या आठवड्यात कोण कोण वारलं. एकदा बेकरीवाल्यांनी गुडघ्याचा एक्स-रे आणला आणि मावळत्या सूर्यासमोर धरून सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी बाईंनी नियम केला: बागेत आजारपण आणि मरण यांवर बोलायचं नाही. जो बोलेल त्याने एक जादा फेरी मारायची.

"तेव्हापासून आम्हाला सूर्य नुसताच दिसतो," मावशी म्हणाल्या. "जा, मारून या. मग बोलू."

मिस्टर गेले. तळं दिसायला लहान होतं, पण चालायला लागल्यावर त्याने चांगलेच हातपाय पसरले. बदकं वाटेत बसली होती, ती उठायला तयार नव्हती. परत येईपर्यंत मिस्टरांचा भाता झाला होता. तोवर वकील काठी शोधत होते, आणि मावशींना न्यायला सून स्कूटर घेऊन फाटकाशी उभी होती.

"बाई मजेत आहेत ना?" मावशींनी जाता जाता विचारलं.

मिस्टरांना बोलायला दम नव्हता. एक हात कमरेवर ठेवून त्यांनी नुसती मान हलवली. ती मान खाली-वर हलली. पुढे जे रामायण घडलं ते सगळं त्या मानेमुळे.

दुसऱ्या दिवशी ते चूक दुरुस्त करायला गेले. "काल मी मान हलवली, पण खरं म्हणजे डॉक्टर आले तोवर..." इथवर आले आणि वकिलांनी तळ्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लांबून सुरुवात केली. "माणसाचा काही भरवसा नसतो," असं ते म्हणाले. यात आजार येतो का मरण, यावर वकील आणि बेकरीवाल्यांचं थोडं वाजलं. निकाल मरणाच्या बाजूने लागला आणि मिस्टर फेरीला गेले. त्या रात्री पाय दुखत होते. पाय दुखतात म्हणून ते जरा लवकर आडवे झाले, आणि उठले तेव्हा खिडकीतून ऊन आलं होतं.

फाटकाबाहेर हा नियम लागू नाही, हे पुढे त्यांच्या ध्यानात आलं. बाहेर गाठून सांगता आलं असतं. पण ध्यानात आलं तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. घरी कुणी बाईंचा विषय काढत नसे. शेजारी जिन्यात भेटले की चेहरा पाडून बाजूला होत. लेक फोनवर जेवणाचं विचारी, आईचं बोलत नसे. एका बागेतच बाईंचं नाव रोज, मोठ्याने आणि बिनधास्त निघायचं. "बाई असत्या तर या बदकांना सरळ केलं असतं." "बाईंनी मला दोन महिने साखर बंद केली होती, माझ्याच बेकरीत." हे ऐकायला मिस्टर जात होते, आणि वर आपणही तिच्या कौतुकाचे चार शब्द घालत होते. एकदा सांगून टाकलं की हे तिघंही चेहरा पाडून बाजूला सरकतील, बाक रिकामं होईल, आणि मग बागेत जायला कारण उरणार नाही.

शिवाय धंद्याची सवय होती. लिफ्ट मधेच बंद पडली की आत अडकलेल्यांना मिस्टर वरून ओरडून सांगायचे, "दोन मिनिटांत उघडतो." दोन मिनिटांत लिफ्ट कधीच उघडत नसे. पण अडकलेल्या माणसाला आधी धीर द्यायचा, खरं काय ते नंतर, असा त्यांचा शिरस्ता होता.

अडचण अशी की धीर दिला की माणसं पुढचं विचारतात.

"बाईंना जरा विचारून या," बेकरीवाले एकदा म्हणाले. "त्या खांद्याचा एक व्यायाम शिकवणार होत्या. राहूनच गेला."

"विचारतो," मिस्टर म्हणाले आणि रात्रभर डोकं खाजवत बसले. त्यांना व्यायाम येत नव्हता. येत होतं ते एकच काम. दुसऱ्या दिवशी ते बाकासमोर उभे राहिले, हात डोक्यावर नेले आणि लिफ्टच्या खड्ड्यात साखळी ओढतात तसे एकाआड एक हात मारत खाली आणले. "असं म्हणाली. दोरी ओढल्यासारखं. दोन्ही हातांनी."

"दोरी कुठे आहे?" वकिलांनी विचारलं.

"आहे असं धरायचं."

तिघंही नसलेली दोरी ओढू लागले. चार दिवसांनी बेकरीवाल्यांचा हात वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत पोचला आणि त्यांनी ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली. आठवड्याभरात तळ्याकाठी वीसेक माणसं आकाशातून काहीतरी ओढून खाली आणत होती. माळी पाइप हातात धरून बघत उभा राहिला.

"काय चाललंय, काका?"

"व्यायाम."

"वर काही अडकलंय का? शिडी आणू?"

बेकरीवाले उपकार ठेवून घेणाऱ्यांतले नव्हते. "बाईंना पाठवून द्या," म्हणून त्यांनी बिनसाखरेच्या टोस्टचा पुडा आणला. मिस्टरांनी तो घरी नेला, टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी बेकरीवाले विचारणार, कसे लागले? म्हणून त्यांनी एक खाल्ला. मग चहा केला. चहा केला म्हणून आणखी दोन खाल्ले.

"काय म्हणाल्या बाई?"

"मीठ कमी आहे म्हणाली."

बेकरीवाले खूश झाले. "अगदी त्यांच्यासारखं बोलल्या." दुसऱ्या दिवशी मीठ वाढवून दुसरा पुडा आला.

मग बाकाचं प्रकरण निघालं. पालिकेने बागेला एक नवं बाक दिलं आणि कुठे ठेवायचं ते तुम्हीच ठरवा म्हणून माळ्याला सांगितलं. वकिलांना ते झाडाखाली हवं होतं. बेकरीवाल्यांना तळ्याकाठी. मावशी म्हणाल्या, "भांडू नका. बाईंचा कौल आणा."

मिस्टरांनी त्या रात्री बराच विचार केला. त्यांना स्वतःला झाडाखालची जागा आवडली होती. सावली होती, तीन बाजूंनी बंद होती, लिफ्टसारखी वाटायची. पण बाईंना येणारा-जाणारा माणूस दिसायला हवा असे.

"तळ्याकाठी," त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"आणि तुमचं मत?" वकिलांनी विचारलं.

"माझं झाडाखाली."

"म्हणजे दोन विरुद्ध दोन. मावशींनी मत द्यायचं."

"नाही," मिस्टर म्हणाले. "आमच्या घरी तिचं एक मत दोन धरतात."

बाक तळ्याकाठी गेलं. मिस्टर स्वतःच्या विरोधात निकाल आणून स्वतःच त्याच्यावर बसले. वकील आठवडाभर उन्हाच्या नावाने बोटं मोडत होते. पण बसत होते तिथेच.

महिना झाला तशी डॉक्टरांकडे जायची वेळ आली.

"झोप लागते का, काका?"

"लागते. फेऱ्या फार होतात."

"जेवण?"

"जेवतो. वर बायकोचे टोस्ट असतात, ते वाया कशाला घालवायचे."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "बायकोचे?"

"बेकरीवाले पाठवतात तिला. त्यांना वाटतं, ती आहे."

"आणि तुम्हाला?"

"मला माहीत आहे ना, ती नाही. पण बागेतली माणसं माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात. म्हणून रात्री तिला विचारतो आणि सकाळी... म्हणजे संध्याकाळी त्यांना सांगतो."

"विचारता म्हणजे?"

"म्हणजे ती काय म्हणाली असती ते बघतो. चाळीस वर्षं ऐकलंय, अंदाज येतो. बाकी माझं बरं आहे. व्यायाम करतो. दोरी ओढतो."

"कसली दोरी?"

"दोरी नसतेच."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं, पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि पहिल्यापासून सांगा म्हणाली. मिस्टरांनी मानेपासून सगळं सांगितलं. बाहेर रांगेत बसलेले दोघंजण कंटाळून निघून गेले.

"काका," शेवटी ती म्हणाली, "वजन वाढलंय, दाब उतरलाय. बाग सोडू नका. खोटं तेवढं सोडा."

"ते दोन्ही एकातच आहे ना," मिस्टर म्हणाले. "एक काढायला गेलो की दुसरं येतं बरोबर."

यावर तिने गोळ्या लिहायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

एका संध्याकाळी वकिलांनी घसा साफ केला. "मी असं म्हणतो, रविवारी आपण सगळे बाईंना भेटायला जाऊ. बाळही बघू. माझ्या ओळखीचा गाडीवाला आहे. सकाळी निघू, संध्याकाळी परत." बोलताना ते मिस्टरांकडे रोखून बघत होते.

मिस्टरांच्या हातातली नसलेली दोरी सुटली. त्यांनी मदतीसाठी बाकीच्या दोघांकडे पाहिलं. बेकरीवाले एकदम बूट बघायला लागले. मग म्हणाले, "हो, हो. छान कल्पना आहे. मी केक आणतो." मावशींची सुई क्षणभर थांबली. "जाऊ या की," त्या म्हणाल्या. "स्वेटर होत आलंच आहे."

घरी जाऊन मिस्टरांनी लेकीला फोन लावला. "अगं, ते येतायत."

"कोण?"

"बाग. सगळी. तुझ्या आईला भेटायला."

"बाबा, तुम्ही अजून सांगितलं नाहीत?"

"रोज सांगायला जातो आणि फेरी मारून येतो."

मिस्टरांना वाटलं, आता ती चिडणार. पण लेक एवढंच म्हणाली, "बरं. या मग. किती जण आहात? तसा स्वयंपाक करते." मिस्टर फोनकडे बघत राहिले. पोरीला रात्रीची जागरणं बाधलेली दिसतात, असं त्यांनी ठरवलं.

रविवार उजाडला. गाडी बागेच्या फाटकाबाहेर उभी होती. वकील ड्रायव्हरशेजारी काठी दोन गुडघ्यांत धरून बसले. मागे बेकरीवाले केकचा खोका मांडीवर घेऊन, मावशी स्वेटरची पिशवी घेऊन आणि मधे मिस्टर. सगळे बसले आणि कुणीच काही बोलेना. सहलीला निघालेली माणसं अशी गप्प नसतात. ड्रायव्हरने आरशातून चारही चेहरे पाहिले.

"निघू ना?"

"थांबा जरा," वकील म्हणाले. "कुणाला काही सांगायचं असेल तर."

"मला नाही," बेकरीवाले घाईने म्हणाले.

"कुणाची तब्येत वगैरे ठीक नसेल तर राहू दे म्हणून," मावशी म्हणाल्या. "मला काही घाई नाही."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मिस्टरांना दिसलं की आता गाडी वळणार, मोठ्या रस्त्याला लागणार, आणि तिकडे लेकीच्या दारात हे तिघं बाईंना हाका मारत उतरणार. आणि त्यांत मावशी, त्या नाजूक हृदयाच्या.

"गाडी बंद करा," ते म्हणाले.

ड्रायव्हरने बंद केली.

"ती नाही," मिस्टर म्हणाले. तयार करून ठेवलेलं वाक्य त्यांना आठवलं नाही. "लेकीकडेही नाही. कुठेच नाही. मी पहिल्याच दिवशी सांगायला आलो होतो. मावशी, तुम्ही माझा हात धरा आणि सावकाश श्वास घ्या."

मावशींनी हात धरला, पण श्वास त्यांचा ठीकच चालला होता. मग वकील समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही बागेत पहिल्यांदा आलात, त्याच्या आदल्या दिवशी मी बाईंना पुन्हा फोन केला होता. तो तुमच्या लेकीने उचलला. तिने सांगितलं आणि म्हणाली, बाबा स्वतः येऊन सांगतील, तोवर कळल्याचं दाखवू नका. म्हणून गप्प होतो. मग वाटलं, तुम्ही जन्मात सांगणार नाही. म्हणून ही गाडी काढली. साक्षीदाराला बोलतं करायला कधी कधी कोंडीत धरावं लागतं."

"मलाही माहीत होतं," बेकरीवाले खोक्याकडे बघत म्हणाले. "तुमच्या खालच्या मजल्यावरचे माझ्याकडे पाव घेतात. त्यांनीच सांगितलं."

"आणि तरी टोस्ट पाठवत होतात?"

"तुम्ही सुकला होतात हो. तुमच्या नावाने दिले असते तर घेतले असतेत का?"

मिस्टर मावशींकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हललेली नव्हती. "मावशी, तुम्हाला हे आत्ता कळलं ना?"

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुम्ही रोज येऊन बायकोची स्तुती करत होतात. ज्याची बायको हयात आहे तो माणूस रोज एवढं चांगलं बोलत नाही."

ड्रायव्हर विवाहित असावा. त्याने मान डोलावली.

आता खरं भांडण सुरू झालं. वकील मागे वळून म्हणाले, "म्हणजे मावशी, तुमच्या हृदयाला जपायचं म्हणून आम्ही दोन महिने तोंड दाबून बसलो, आणि तुम्ही..."

"माझ्या हृदयाला काय झालंय?"

"बाई म्हणायच्या, नाजूक आहे."

"ते मी त्यांना सांगितलं होतं, फेऱ्या चुकवायला. आणि मी तुमच्या दोघांसाठी गप्प होते. तुम्ही पुरुष माणसं, धक्का बसला की आजारी पडता."

"आजाराचा विषय," बेकरीवाले सवयीने म्हणाले.

"आपण फाटकाबाहेर आहोत," वकील म्हणाले. "लागू नाही."

माळी फाटक पुसत हे सगळं ऐकत होता. तो गाडीच्या खिडकीशी आला. "मला तर तिघांनीही येऊन सांगितलं होतं, वेगवेगळं," तो म्हणाला. "प्रत्येकाने बजावलं होतं, बाकीच्या दोघांना कळू देऊ नको. मी नाही कळू दिलं."

तेव्हा पहिल्यांदा मिस्टर हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि ते काही थांबेनात. बेकरीवाल्यांनी केकच्या खोक्याची दोरी सोडून आतला कागदी रुमाल काढून दिला. मावशींनी हात सोडला नाही. वकील खिडकीतून बागेकडे बघत बसले, जशी काही तिथे सुनावणी चालू होती.

बऱ्याच वेळाने ड्रायव्हरने विचारलं, "मग जायचं की रद्द?"

"जायचं," मावशी म्हणाल्या. "बाळ तर आहे ना?"

ते गेले. लेक दारात उभी होती. तिने चारी चेहरे पाहिले आणि काही विचारलं नाही, आत जाऊन ताटं घेतली. नातीने स्वेटरची बाही तोंडात घातली. केकला बाळाच्या बापाने फार न्याय दिला. परतताना वकील मागे येऊन बसले; मिस्टर त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते, आणि वकील वाटभर एका अंगावर बसून होते.

सोमवारी सगळे बाकावर आले. बाक रिकामं होईल, ही मिस्टरांची भीती खोटी ठरली. उलट माणूस वाढला, कारण रविवारचा ड्रायव्हर दोरीचा व्यायाम बघायला आला होता. पाठ धरते म्हणत होता. म्हणाला आणि फेरीला गेला.

"आता एक राहिलं," वकील म्हणाले. "बाईंसाठी दोन मिनिटं उभं राहायला हवं. रीतसर. चार शब्द बोलायला हवेत."

"इथेच हवं," बेकरीवाले म्हणाले. "बाई इथल्या होत्या."

"इथे चालणार नाही," मावशी म्हणाल्या. "मरणाचा विषय आहे."

"मग नियम एक दिवस बाजूला ठेवू."

"तो कोण ठेवणार? नियम बाईंचा आहे."

वकिलांनी कपाळाला हात लावला. कायद्याने मावशींचं बरोबर होतं. ज्याने नियम केला त्यालाच तो बदलता येतो. सगळे मिस्टरांकडे बघू लागले.

"बघतो विचारून," मिस्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आले, बाकावर बसले, आणि बदकं बाजूला होईपर्यंत थांबले.

"विचारलं," ते म्हणाले. "नाही म्हणाली."

"कारण काही?"

"कारण ती देत नसे."

वकिलांनी विषय काढल्याबद्दल एक फेरी मारली. सोबत म्हणून बेकरीवाले गेले, आणि मिस्टरही गेले. बाईंसाठी उभं राहायची ती दोन मिनिटं अजून राहिली आहेत.